आगगाडीचा इतिहास आणि मराठवाड्याचा हिशेब

इंग्लंडमधील स्टॉक्टन आणि डार्लिंग्टन या दोन गावांदरम्यान २७ सप्टेंबर १८२५ रोजी वाफेच्या इंजिनाने ओढलेली सार्वजनिक आगगाडी प्रथम धावली. २०२५ साली या घटनेला दोनशे वर्षे पूर्ण झाली. जॉर्ज स्टीफन्सन यांचे ज्या इंजिनाने त्या दिवशी गाडी ओढली, ते 'लोकोमोशन' इंजिन इंग्लंडने आजतागायत जपून ठेवले आहे. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी, एकवीस तोफांची सलामी आणि साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने हा तपशील शाळकरी मुलासही मुखोद्गत असतो. पण त्या तिन्ही इंजिनांपैकी एकही आज अस्तित्वात नाही, याची खंत फारशी कोणास वाटत नाही. नावे पाठ आहेत. वस्तू मोडीत गेली आहे. रेल्वेच्या इतिहासाविषयीच्या आपल्या आस्थेचे स्वरूप या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

ही आस्था बहुतांशी प्रश्नमंजूषेची आहे. पहिली गाडी केव्हा, सर्वांत जुने चालते इंजिन कोणते, सर्वांत लांब फलाट कोठे, अशा प्रश्नांची उत्तरे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ओळीने दिलेली असतात आणि आमचे विद्यार्थी ती निष्ठेने पाठ करतात. त्यात वावगे काही नाही. सनावळी हा इतिहासाचा सांगाडा आहे व सांगाड्यावाचून देह उभा राहत नाही. परंतु रेल्वे ही मुळात आर्थिक संस्था होती. तिच्यासाठी भांडवल कोणी पुरविले, व्याज कोणी भरले, माल कोणाचा गेला आणि फायदा कोणाच्या पदरी पडला, हे प्रश्न सनावळीत बसत नाहीत. जालना जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे प्रश्न आज विचारण्यास विशेष कारणही आहे. त्याकडे शेवटी वळू.

मापाचा प्रश्न

भारतात रुळांमधील अंतराची, म्हणजे गेजची, मापे एकाहून अधिक का झाली, हा परीक्षेत न विचारला जाणारा पण महत्त्वाचा प्रश्न आहे. लॉर्ड डलहौसीच्या काळात साडेपाच फुटांचे रुंद माप मुक्रर झाले. पुढे १८७० साली लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत दुय्यम मार्गांसाठी स्वस्त माप हवे, असे ठरले. त्या सुमारास भारतात मेट्रिक पद्धती आणण्याचा विचार चालू होता. म्हणून हे नवे माप बरोबर एक मीटरचे ठेवण्यात आले. मेट्रिक पद्धती आपल्याकडे आली ती स्वातंत्र्यानंतर. पण मीटरगेज तेव्हाच आले आणि शतकभर राहिले. योगायोग असा की, ज्या १८७० साली हा निर्णय झाला त्याच वर्षी जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा वऱ्हाडातील कापसासाठी सुरू झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून तेथे रूळ पोहोचले. जालन्याच्या कापसाला त्यानंतर आणखी तीस वर्षे बैलगाडीवर अवलंबून राहावे लागले.

आमच्या भागात रूळ आले ते हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेच्या रूपाने. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, निझामाबाद या मार्गाने सिकंदराबादला जाणारा हा ३९१ मैलांचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. छप्पन्नच्या दुष्काळाची ती वर्षे. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण ज्या गावाविषयी रूढ आहे, त्या गावाच्या बाजारपेठेला मुंबईचे दार उघडले ते या मार्गाने.

मात्र हे दार अरुंद होते. मार्गाच्या पश्चिम टोकाला मनमाड येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ रुंद मापाचे होते. पूर्व टोकाला वाडी-सिकंदराबाद हा १८७४ सालचा मार्गही रुंद मापाचाच होता. या दोन रुंद मार्गांना जोडणारा मधला दुवा मात्र मीटरगेजचा बांधला गेला. दोन मोठ्या हौदांना जोडणारी नळी बारीक घालावी, तसा हा प्रकार झाला. पुढे दक्षिणेकडे द्रोणाचलमपर्यंत आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णा-अकोला-खांडवामार्गे उत्तरेकडे मीटरगेजची जोडणी झाली, हे खरे. परंतु मुंबई हे जालन्याचे मुख्य बंदर, आणि मुंबईच्या वाटेवर मनमाडचा अडथळा कायम राहिला.

ज्या कराराविषयी बोलण्याची मनाई होती

निझामाच्या राज्यातील रेल्वेची आर्थिक बाजू समजून घ्यायची तर १८८३ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी राज्याच्या मालकीचा वाडी-सिकंदराबाद मार्ग लंडनमध्ये स्थापन होणाऱ्या एका कंपनीकडे सोपवावा व तिने पुढे चांद्याच्या व बेजवाड्याच्या दिशेने रूळ न्यावेत, अशी योजना आखली गेली. कंपनीच्या भांडवलावर वीस वर्षे पाच टक्के व्याजाची हमी निझाम सरकारने द्यावयाची होती. 'निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' या नावातील 'गॅरंटीड' हा शब्द तोच. गाडी रिकामी धावली तरी भागधारकास पाच टक्के मिळणार आणि तूट पडली तर ती राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे पर्यायाने शेतसाऱ्यातून, भरून निघणार.

हैदराबादेतील काही सुशिक्षितांनी या कराराच्या अटी जाहीर कराव्यात, अशी मागणी केली. मागणी एवढीच होती. रेल्वे नको, असे कोणी म्हटले नव्हते. तरीही त्या चळवळीचे अग्रणी, शिक्षणतज्ज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना मे १८८३ मध्ये राज्यातून हद्दपार करण्यात आले. सरोजिनी नायडू यांचे हे वडील. मुल्ला अब्दुल कय्यूम हे त्यांचे सहकारी. हैदराबाद संस्थानातील सार्वजनिक राजकारणाचा आरंभ पुष्कळ अभ्यासक या चांदा रेल्वे प्रकरणापासून धरतात. ज्यांच्या पैशाने रूळ टाकले जात होते त्यांनी हिशेब मागितला आणि हिशेब मागणे हाच अपराध ठरला. आमच्या प्रदेशातील रेल्वेच्या इतिहासाचे हे पहिले पान आहे. इंजिनांच्या नावांच्या यादीत ते सापडत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानातही वेगळी स्थिती नव्हती. १८४९ च्या करारांपासून पाच टक्क्यांची हमी होतीच. दादाभाई नौरोजी यांनी आणि महाराष्ट्रातील अर्थचिंतक रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेवरील खर्चाची जी चिकित्सा केली, तिचा गाभा हाच होता की, भांडवल, पोलाद आणि यंत्रे परदेशातून यावयाची, त्यांच्या धंद्यास उत्तेजन तेथे मिळावयाचे आणि बोजा मात्र येथील रयतेने वाहावयाचा. जतन केलेल्या इंजिनांकडे या दृष्टीने पाहिले तर ती बोलू लागतात. १८५५ सालची 'फेअरी क्वीन' पाहण्यास सारे गर्दी करतात. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, जे १९७७ साली खुले झाले, १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात बनलेले एफ-७३४ हे छोटे मीटरगेज इंजिन आहे. भारतात तयार झालेले ते पहिले इंजिन. म्हणजे कौशल्य येथे होते. असे असूनही स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात चौदा हजारांहून अधिक इंजिने ब्रिटनमधून आयात झाली आणि भारतात बनलेल्या इंजिनांची संख्या सातशेच्या आसपास राहिली. चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडले ते १९५० साली. एफ-७३४ समोर उभे राहणाऱ्या विद्यार्थ्यास या दोन आकड्यांमधील अंतर सांगितले तर त्याला औद्योगिक धोरणाचा एक संपूर्ण धडा मिळेल.

मनमाडचा धक्का

आता पुन्हा मनमाडकडे येऊ. गेज बदलते तेथे काय घडते, हे ज्यांनी रुंदीकरणापूर्वीचे मनमाड पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. नव्या पिढीसाठी ते नमूद केले पाहिजे. मीटरगेजची वाघीण एका बाजूस, ब्रॉडगेजची दुसऱ्या बाजूस आणि मध्ये धक्का. प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ, प्रत्येक पिंप हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जावयाचे. दोन्ही प्रकारच्या वाघिणी एकाच वेळी हजर असतील तर ठीक. नसतील तर माल पडून राहावयाचा. हमाली, गळती, फूटतूट, चोरी, पावसाने भिजणे आणि दिवसांचा खोळंबा एवढ्या बाबी मालाच्या किमतीत मिळत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील मर्म असे की, हा खर्च वजनावर पडतो, किमतीवर नव्हे. क्विंटलभर माल उतरवून पुन्हा चढविण्यास जी हमाली लागते ती माल सोन्याच्या मोलाचा असो की मातीच्या, सारखीच. म्हणून ज्या मालाची किंमत वजनाच्या मानाने अधिक, त्यास हा भार सोसवतो. जो माल जड आणि स्वस्त, त्यास तो मारक ठरतो. कापसाच्या दाबलेल्या गाठी हा भार सोसू शकत होत्या. पुढे जालन्याने बियाण्यांच्या व्यवसायात नाव मिळविले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिकोची स्थापना केली. बियाणे हा तर वजनाने हलका आणि किमतीने भारी माल. कोळसा, लोखंड, सिमेंट, खत आणि धान्य यांची गोष्ट मात्र निराळी होती. १९७२ च्या भीषण दुष्काळात मनमाडमार्गे मराठवाड्यात येणाऱ्या धान्याच्या प्रत्येक पोत्यालाही गेजबदलाच्या या हमालीतून सुटका नव्हती.

मीटरगेज बांधणाऱ्याने भांडवली खर्चात बचत केली, यात शंका नाही. अरुंद भराव, लहान पूल, हलके रूळ, हे सारे स्वस्त पडले. पण ती बचत एकदाच झाली आणि ती कंपनीच्या हिशेबात जमा झाली. तिची किंमत मात्र प्रत्येक पोत्यामागे नव्वद वर्षे मोजली गेली आणि ती मोजणाऱ्यांचा हिशेब कोणत्याच वहीत एकत्र लिहिला गेला नाही. बांधणाऱ्याची बचत आणि वापरणाऱ्याचा खर्च या दोहोंची बेरीज न करता घेतलेला निर्णय स्वस्त भासतो; प्रत्यक्षात तो महाग पडतो.

निझाम सरकारने १९३० साली रेल्वे स्वतःच्या ताब्यात घेतली. १९५१ साली ती मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेकडे पुढे हा मार्ग गेला. मालक बदलत गेले; माप बदलले नाही. मराठवाड्याच्या १९७४ च्या विकास आंदोलनात रुंदीकरणाची मागणी अग्रभागी होती. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ती वर्षानुवर्षे लावून धरली. अखेरीस १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मनमाडकडून रुंद रूळ टप्प्याटप्प्याने जालन्यास आले आणि पुढे परभणीकडे गेले. त्यानंतर येथील पोलाद उद्योग ज्या वेगाने विस्तारला त्याचे सारे श्रेय रुळांना देणे अशास्त्रीय होईल. वीज, रस्ते, स्थानिक उद्योजकांचे साहस आणि बांधकामाला आलेली तेजी यांचाही त्यात वाटा आहे. तथापि, जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त मालावर उभा असलेला हा धंदा मनमाडच्या हमालीसह आजच्या आकाराचा झाला असता, असे म्हणणे कठीण आहे.

जतन कशाचे करावयाचे?

वाफेचे इंजिन गेले याबद्दल हळहळणाऱ्यांनी ते का गेले, हेही जाणून घ्यावे. कोळशातील ऊर्जेपैकी जेमतेम सहा-सात टक्के ऊर्जा प्रत्यक्ष गाडी ओढण्याच्या कामी येत असे. इंजिन पेटवून वाफ तयार होण्यास काही तास लागत. ठरावीक अंतरावर पाणी भरावे लागे आणि मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात ते पाणी मिळविणे हीच एक अडचण असे. फायरमनचे काम तर अंगमेहनतीची पराकाष्ठा. चित्तरंजन येथे ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली 'अंतिम सितारा' या नावाने तयार झाले आणि १९९५ साली ब्रॉडगेजवरील नियमित वाफेचे युग संपले. ते संपणे योग्यच होते. जे संपले ते कसे चालत असे, याची स्मृती नष्ट होऊ देणे मात्र योग्य नव्हे.

महाराष्ट्रात या स्मृतीचे काही अवशेष टिकले आहेत. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाच्या आद्य इंजिनांपैकी काही येथे जपली गेली आणि एक तर सातासमुद्रापार इंग्लंडात गेले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू केली. चाकांच्या प्रत्येक जोडीवर पाच टनांहून अधिक भार येऊ नये अशा बेताने तिची इंजिने व वाघिणी आखल्या होत्या, आणि जगभरच्या छोट्या रेल्वेमार्गांनी तो कित्ता गिरविला. हाच बार्शीचा मार्ग १९११ साली लातूरपर्यंत पोहोचला, म्हणजे मराठवाड्याचाही त्यावर हक्क आहे. परंतु मोतीबागेसारखे संग्रहालय मराठवाड्यात उभे राहिले नाही. मनमाड-काचीगुडा मार्गावर मीटरगेजच्या वायपी आणि वायजी वर्गाच्या इंजिनांनी अजिंठा एक्स्प्रेस आणि मालगाड्या ओढल्या. ती इंजिने जालन्याच्या पंचविशीतील तरुणाने छायाचित्रातही क्वचितच पाहिली असतील.

इंजिन चौथऱ्यावर उभे करून त्याला काळा-लाल रंग दिला की वारसा जपला गेला, ही समजूतही पुरेशी नाही. उन्हापावसात उभे असलेले लोखंड गंजते. त्यापुढे फलक असतो तो इंजिनाचे वजन आणि निर्मितीचे साल सांगणारा. त्या इंजिनाने काय ओढले, कोणत्या दराने आणि कोणासाठी, हे त्यावर लिहिलेले नसते. खरे पाहता इंजिनापेक्षाही दुर्मीळ आणि अधिक मोलाची वस्तू म्हणजे मालधक्क्यावरील नोंदवह्या, जुन्या दरपत्रिका, पुलांचे आराखडे आणि कामाची वेळापत्रके. कोणत्या वर्षी जालन्याहून किती गाठी गेल्या, किती धान्य आले, मनमाडला माल सरासरी किती दिवस अडकला, या नोंदी एकत्र मिळाल्या तर मराठवाड्याच्या मागासलेपणाची चर्चा भावनेच्या पातळीवरून आकड्यांच्या पातळीवर येईल. अनुशेषाचा प्रश्न मांडताना आपण नेहमी आकड्यांसाठी चाचपडतो, याचे एक कारण हे आहे की, असा कागद आपण रद्दीत जाऊ दिला.

कागदाइतकीच माणसेही महत्त्वाची आहेत. वाफेचे इंजिन चालविलेले ड्रायव्हर, फायरमन, मनमाडला पाठीवर पोती वाहिलेले हमाल आणि मालबाबू आता निवृत्त आणि वयोवृद्ध आहेत. त्यांच्या स्मरणातील तपशील कोणत्याही दप्तरात नाही. आणखी दहा-पंधरा वर्षांनी तो कोठेच नसेल.

शकुंतलेचा धडा

जतन आणि विकास यांची सांगड घातली नाही म्हणजे काय होते, याचे उदाहरण शेजारच्या विदर्भात आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज रेल्वे 'शकुंतला' या नावाने ओळखली जाते. मँचेस्टर येथे १९२१ साली बनलेल्या झेडडी वर्गाच्या इंजिनाने ती सत्तर वर्षे ओढली. एप्रिल १९९४ मध्ये वाफ जाऊन डिझेल आले. या रेल्वेविषयी एक बातमी वारंवार छापून येते की, स्वातंत्र्यानंतरही भारत सरकार 'ब्रिटिश कंपनीला' स्वामित्वधन देत राहिले. वस्तुस्थिती इतकी नाट्यमय नाही. मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता व तिचा कारभार पाहणारी किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय भांडवलदारांच्या हाती आली होती. रंजक माहिती तपासून न घेता पसरविली की ती खऱ्या प्रश्नाला कशी झाकून टाकते, याचा हा नमुना आहे. खरा प्रश्न असा होता की, मालकी एकाची आणि गाडी चालविणार दुसरा, अशा व्यवस्थेत रुळांवर पैसा कोणी खर्च करावयाचा? उत्तर मिळाले नाही, रूळ झिजत गेले आणि अखेरीस गाडीच थांबली. बाहेरच्या हौशी प्रवाशांना ती गंमत म्हणून हवी होती. खेड्यातील गरीब प्रवाशाला ती स्वस्त वाहन म्हणून हवी होती. पहिल्याची गंमत गेली. दुसऱ्याला एस.टी.चे किंवा खासगी जीपचे अधिक भाडे मोजावे लागले.

यावरून एक तत्त्व निघते. जेथे लोकांना गाडीची गरज आहे तेथे वारशाच्या नावाखाली त्यांना जुन्या, संथ गाडीत अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणास नाही. रुंदीकरण झालेच पाहिजे. पण रुंदीकरणाच्या निविदेबरोबरच, काय उखडले जाणार आहे आणि त्यातील काय ठेवावयाचे, याची यादीही झाली पाहिजे. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. आपण मात्र कधी पहिली करतो आणि दुसरी विसरतो, तर कधी दोन्ही टाळतो.

खर्चाचा आक्षेप

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरतात आणि शेतकरी कर्जाखाली दबलेला आहे, तेथे जुन्या इंजिनांवर आणि वह्यांवर पैसा का खर्चावा? आक्षेप गंभीर आहे व त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. चालते वाफेचे इंजिन ठेवणे खर्चाचे आहे. बाष्पकाची नियमित तपासणी, सुटे भाग आणि जाणकार कारागीर हे सर्व लागते, आणि ते काम रेवाडीसारख्या एखाद-दुसऱ्या केंद्रातच परवडेल. जालन्याने त्याचा आग्रह धरू नये. परंतु जुन्या वह्या गोळा करणे, त्यांची सूची करणे, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, जुन्या पुलांची व इमारतींची छायाचित्रे व मोजमापे घेणे, यास लागणारा पैसा एखाद्या स्थानकाच्या रंगरंगोटीहूनही कमी आहे. महाविद्यालयांतील इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांचे विद्यार्थी ते प्रकल्प म्हणून करू शकतात. निर्णयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आज ठेवलेली वस्तू उद्या निरुपयोगी ठरली तर ती टाकता येते. आज टाकलेली वस्तू उद्या हवी झाली तर ती परत आणता येत नाही. ज्या निर्णयाची दुरुस्ती अशक्य, तो घेताना चार दिवस अधिक विचार करणे हे काटकसरीचेच लक्षण आहे.

नव्या मार्गाची वही

हा सारा विचार आज कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, जालना पुन्हा एकदा रेल्वेच्या इतिहासातील एका वळणावर उभे आहे. मनमाडपासूनच्या मार्गाचे विद्युतीकरण झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेण्यात आली. दुहेरीकरण हाती घेण्यात आले आहे. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गास मंजुरी दिली. अंदाजित खर्च सुमारे ७ हजार १०० कोटी रुपये. त्यातील निम्मा वाटा उचलण्याची तयारी राज्य सरकारने दर्शविली आहे. भोकरदन, सिल्लोड, अजिंठा या भागाला प्रथमच रूळ दिसणार आहेत. जालना-खामगाव मार्गाची कित्येक पिढ्यांची मागणी आहे, ती वेगळीच.

या मार्गाचे स्वागत केले पाहिजे. त्याचबरोबर १८८३ साली जे प्रश्न विचारल्याबद्दल एका शिक्षकाला हद्दपार व्हावे लागले, ते आज आपण निर्भयपणे विचारू शकतो, तेव्हा ते विचारलेच पाहिजेत. प्रति किलोमीटर चाळीस कोटींहून अधिक खर्च होणार आहे. तो कोणत्या मालवाहतुकीच्या व प्रवासी वाहतुकीच्या अंदाजावर आधारलेला आहे? ज्यांची जमीन जाणार त्या शेतकऱ्यांना मोबदला केव्हा आणि कोणत्या दराने मिळणार? राज्याचा निम्मा वाटा दरवर्षी वेळेवर दिला जाईल, की अन्य मार्गांप्रमाणे निधीअभावी काम रेंगाळेल आणि खर्च वाढत जाईल? मार्गावर मालधक्के कोठे असतील आणि सोयाबीन, मका, कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचा उपयोग होईल काय? रूळ गावातून गेले म्हणजे समृद्धी गावात उतरते, असे नाही. गाडी थांबली पाहिजे, माल चढला पाहिजे आणि तो चढविण्याचा खर्च परवडला पाहिजे. मनमाडच्या धक्क्याने नव्वद वर्षे आपल्याला हेच शिकविले.

याबाबत तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, दुहेरीकरण आणि स्थानकांच्या पुनर्बांधणीत जे काही पाडले जाणार आहे, त्याची सूची काम सुरू होण्यापूर्वी रेल्वेने प्रसिद्ध करावी आणि त्यातील निवडक वास्तू व साहित्य राखावे. दुसरी, या मार्गाशी संबंधित जुनी दप्तरे नष्ट करण्यापूर्वी विद्यापीठाच्या किंवा राज्य पुराभिलेखागाराच्या स्वाधीन करावीत. तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. जालना-जळगाव मार्गाचा जमाखर्च, भूसंपादनाची प्रगती आणि कामाचे टप्पे दर सहा महिन्यांनी मराठीत आणि सामान्य माणसास कळेल अशा रीतीने जाहीर व्हावेत. पहिल्या दोन सूचना मागील शतकाच्या हिशेबासाठी आहेत, तिसरी पुढील शतकाच्या. लोकप्रतिनिधींनी आपल्या कार्यकालात भूमिपूजनाच्या कोनशिलेइतकेच लक्ष या तिसऱ्या कागदाकडे द्यावे, एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार जिल्ह्यातील करदात्यास निश्चितच आहे.

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यावरही यातील काही जबाबदारी येते. साहिब, सिंध आणि सुलतान ही नावे पाठ करावीत, परीक्षेत गुणही मिळवावेत. त्यापुढे एक पाऊल टाकून आपल्या गावच्या स्थानकातून कोणता माल कोठे जात होता, त्याला काय भाडे पडत होते आणि आज काय पडते, एवढे जरी एका वर्गाने शोधून काढले तरी रेल्वेच्या इतिहासात ती मोलाची भर ठरेल.